जेल आणि फुले योजनेचा तो फॉरवर्ड आता बास करा

"घरातला एक जण जेलमध्ये जाऊन आला की अख्ख्या घराचं फुले योजनेचं पाच लाखाचं कार्ड रद्द, सुटलेल्याला पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो, वर दोन वर्षं थांबावं लागतं." भिशीच्या ग्रुपवरनं हे आत्याला आलं. तिचा पोरगा गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या कळंबा जेलातनं जामिनावर सुटलाय, आणि तिला स्वतःला डॉक्टरनी अँजिओप्लास्टी सांगितलीय. तर बाई गप घरात बसली आणि गंठण गहाण टाकायची भाषा सुरू केली!

अहो, कार्ड रद्द कोण करतंय? 28 जुलै 2023 चा जीआर काढून वाचा की. महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू केली, पिवळं, केशरी, पांढरं, सगळी, आणि कव्हर कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं 5 लाख केलं. पोरगा आत होता म्हणून आईची अँजिओप्लास्टी अडवायची, असं कुठल्या ओळीत लिवलंय ते दाखवा मला. आणि पोराला अजून सजा झालेली नाही, केस चालू आहे. देशातल्या जेलात 2022 साली शंभरातले पंचाहत्तर असलेच कच्चे कैदी होते, त्या सगळ्यांच्या आयांनी काय गंठणं मोडायची?

चारित्र्य दाखला नोकरीला लागतो, अँजिओप्लास्टीला नाही. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला, म्हणजे तिथं योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटायचं. दोन वर्षांचं म्हणाल तर ते खाजगी मेडिक्लेमचं उचलून इथं चिकटवलंय, इथं जुना आजार पहिल्या दिवसापासनं चालतो. आणि सुटून आलेल्या कुणाला टीबीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा विम्याशी संबंधच नाही, आत चालू असलेला कोर्स बाहेर सरकारी दवाखान्यात फुकट पुढं चालू राहतो, फक्त मध्ये खंड पाडू नका.

एक मात्र मान्य करतो, नाइलाजानं. आत असलेल्या माणसाचं रेशनचं ई-केवायसी, म्हणजे अंगठा देऊन ओळख पटवायचं, राहून जातं, अंगठा कोण देणार? त्यामुळं त्याचं नाव अडकू शकतं. पण ते त्याचं एकट्याचं, घराचं नाही, आणि रेशन दुकानात जाऊन अंगठा दिला की काम होतं. आणि हो, ही योजना ॲडमिट झाल्यावरची आहे, नुसत्या तपासणीला आणि गोळ्यांना नाही, नाहीतर तिथं जाऊन पुन्हा भांडत बसाल.

आत्याला आरोग्यमित्राकडं मीच घेऊन चाललोय सोमवारी. भिशीवाल्या काकूंना हे पाठवलं तर त्यांचं उत्तर आलं, "मला पण वरनंच आलंवतं."