महालक्ष्म्यांची ट्रंक माळ्यावरच राहील

आज घराच्या नूतनीकरणाचा आराखडा घेऊन एक गृहसजावटकार आले होते. स्वयंपाकघरावरचा माळा काढला तर छत मोकळे दिसेल, असे समजावताना त्यांनी तिथल्या लोखंडी ट्रंकेकडे बोट दाखवले आणि वर्षातून तीन दिवस लागणाऱ्या सामानासाठी हल्ली कोणी एवढी जागा अडवून ठेवत नाही, सगळी सजावट भाड्याने मिळते, असे अगदी सहज म्हणाले. आई समोरच बसली होती. ते गेल्यापासून माझा संताप काही केल्या उतरत नाही.

त्या ट्रंकेत आमच्या लातूरच्या घरच्या महालक्ष्म्यांचे सामान आहे. पितळी मुखवटे, पिलवंडांचे, म्हणजे महालक्ष्म्यांच्या बाळांचे, छोटे मुखवटे, फुलोरा टांगायची चौकट, काठ विरत आलेल्या जरीच्या साड्या, लोकरीची फुले आणि या सगळ्यांच्या वर, धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले मण्यांचे एक तोरण. हे तोरण आईने आणि तिच्या मावशीने दोन टोकांकडून ओवत आणले आणि मध्यावर जोडले. आजही कोणता भाग कोणाचा ते बोटांना कळते, कारण मावशीआजीची वीण घट्ट होती आणि आईची सैल.

१९९३ साली अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. गणपती बोळवून सगळे उशिरा झोपले, उरलेली आरास सकाळी उतरवू म्हणून तशीच ठेवली, आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतली दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. औसा तालुक्यातल्या तशाच एका घरात मावशीआजी होती. पुढचे कित्येक दिवस आम्ही लातुरात अंगणात झोपत होतो. घरात परतल्यावर आईने सर्वांत आधी दारावरचे ते तोरण उतरवले आणि हाताला लागलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळले. त्या कागदाच्या पहिल्या पानावर किल्लारीची बातमी आहे. कागद घड्यांवर फाटला, पिवळा पडला, म्हणून वरून धोतराचा तुकडा आला, पण आईने तो कागद बदलू दिलेला नाही.

मावशीआजीच्या घरातले एक भांडे, एक लुगडे, एक छायाचित्रसुद्धा हाती लागले नाही. तिच्या हातचे जगात जे काही उरले आहे ते या तोरणाचे अर्धे अंग आहे, आणि त्याला कोणी माझ्या आईच्या देखत अडगळ म्हणावे?

भाड्याची सजावट आमच्या आरासीपेक्षा देखणी असेल, हे मी मान्य करते. थर्माकोलचे खांब तर २०१८च्या बंदीच्याही आधी घरातून जायला हवे होते. कोणी गोव्यात गणपतीवर टांगतात त्या माटोळीचे उदाहरण देईल, की तिथे दरवर्षी ताजी रानफळे आणि फुले बांधतात, मग साठवण कशाला हवी? पण ती फळे ज्या लाकडी चौकटीला बांधतात, ती कित्येक घरांत वर्षानुवर्षे तीच असते, आणि ती कोणी भाड्याने आणत नाही.

माझ्या चुलतभावंडांचा सल्ला याहून जास्त लागला. फोटो काढून ठेव आणि वस्तू देऊन टाक, असे ती म्हणतात. त्यांना कसे सांगू? अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मुळावर विसर्जन, हे तीन दिवस पाहुण्यांचे, पुरणाचे आणि सोळा भाज्यांचे असतात. आमच्या घरात खरे बोलणे होते ते आदल्या संध्याकाळी, ट्रंक खाली आल्यावर. झिरमिळ्यांचा गुंता सोडवताना सगळ्यांची नजर हातांकडे असते, कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही, आणि तेव्हाच आई त्या पहाटेविषयी बोलते. एरवी वर्षभर किल्लारीचे नाव निघाले तरी ती उठून आत जाते. फोटो पाहत बसून ती कधीच बोलली नसती.

एका खोलीच्या भाड्याच्या घरात नवा संसार मांडणाऱ्या मुलामुलींवर माझा अजिबात राग नाही. त्यांना ट्रंक ठेवायला जागा कुठून मिळणार? ती धूळ झटकण्याचे, साड्यांना ऊन दाखवण्याचे काम बहुतेक घरांत बायकांच्याच वाट्याला येते, हेही खरे आहे, आणि त्याचा कंटाळा आलेल्या सुनेला मी नावे ठेवणार नाही. माझा राग आहे तो तीन-तीन खोल्यांची घरे असून, दूरचित्रवाणी संचासाठी भिंतभर जागा सोडून, आईबापांच्या हातच्या वस्तूंना जागा नाही म्हणणाऱ्यांवर.

ते गृहस्थ गेल्यावर आई एवढेच म्हणाली की, त्यांना तोरण दाखवायला हवे होतेस. हे वाक्य ऐकून मी जरा निवले, कारण ती मुळीच दुखावली नव्हती. पाहिल्याशिवाय त्यांना कळणार कसे, असेच तिला वाटत होते.

संध्याकाळी मी त्यांना फोन करून माळा राहणार असल्याचे सांगितले. मावशीआजीच्या भागातला दोरा आता कुजायला आला आहे, म्हणून पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून पक्का दोरा आणायचा आहे. मणी तेच राहतील. आईची बोटे आता थरथरतात, त्यामुळे ओवायचे काम भाची करील, आणि वीण घट्ट झाली की नाही ते आई चाचपून सांगेल.