हरला तर बिचारा, जिंकला तर हरामी

आमच्या दहावीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चालू आहे. जिंतूरकडच्या एका मित्राच्या धाकट्या भावानं कुठल्याशा ऑनलाइन कॅसिनोत चार लाखांच्या वर रक्कम जिंकली आणि साइटनं ती अडकवली. आधी आधार मागितलं, मग पॅन, मग हातात आधार धरून सेल्फी, मग बँकेचं स्टेटमेंट. शेवटी 'नियमभंग' एवढंच कळवून खातं बंद करून टाकलं. ग्रुपनं पाच मिनिटांत निकाल दिला: बरं झालं, हरामाचा पैसा. याच मंडळींनी रमीपायी प्लॉट विकावा लागलेल्या एकाबद्दल मागं केवढी हळहळ व्यक्त केली होती! म्हणजे पोरगा हरला असता तर बिचारा होता. जिंकला हाच त्याचा गुन्हा.

मला राग येतो तो याचा. जुगार वाईट, हे मला कुणी शिकवू नये. आमच्या गल्लीत तिर्रटच्या डावावर छापा पडला की कोण कोण पत्र्यावरून उड्या मारायचं ते मी बघितलंय. पण पैसे लावून घेताना हो म्हणायचं आणि द्यायची वेळ आली की नियम काढायचे, याला धंदा म्हणत नाहीत. स्टँडमागचा मटकेवालासुद्धा लागलेल्या आकड्याचे पैसे दुसऱ्या दिवशी मोजून द्यायचा. त्याला त्याच टपरीवर बसायचं होतं.

मी युरोपातल्या माल्टात राहतो. स्लीमाला ऑफिस, अशाच एका कंपनीच्या पेमेंट विभागात. म्हणजे पैसे कसे अडतात ते मी रोज बघतो. काही कारणं रास्त असतात. आपल्याकडं आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. त्यात खातं भावाचं, फोन मेव्हण्याचा. कुठलीही कंपनी थांबवणारच.

खरी गंमत बोनसमध्ये आहे. समजा पाच हजारांचा बोनस घेतला आणि अट आहे पस्तीस पट खेळण्याची. म्हणजे एक लाख पंच्याहत्तर हजारांच्या पैजा लावल्याशिवाय पैसे निघत नाहीत. त्या दरम्यान एका डावाला ठरावीक रकमेच्या वर लावायचं नाही, अशीही ओळ खाली कुठंतरी असते. मर्यादेपलीकडं लावून तुम्ही हरलात तर कुणी अडवत नाही. जिंकलात की ती ओळ बरोबर सापडते.

इकडं यावर निदान भांडता येतं. आधी कंपनीकडं तक्रार, नंतर कंपनीबाहेरचा लवाद, शिवाय या कंपन्यांवर नजर ठेवणारी सरकारी माल्टा गेमिंग अथॉरिटी आहेच. ब्रिटनमध्ये २०१९ पासून ओळखपत्र पहिल्या पैजेआधीच तपासावं लागतं. तिथल्या ग्लॉस्टरशायरमधल्या एका माळीकाम करणाऱ्या बाईंना स्क्रीनवर दहा लाख पौंडांच्या वरचा जॅकपॉट दिसला. कंपनी म्हणाली, गडबड झाली, तुमचे वीस हजारच. मार्च २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टानं बाईंच्या बाजूनं निकाल दिला. आणि हे काही तिथं पहिल्यापासून नव्हतं. १८४५ पासून तिथलाही कायदा पैजेच्या पैशाला हात लावत नव्हता, २००७ मध्ये तो बदलला. आपण १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० धरून बसलोय: पैजेत जिंकलेल्या पैशासाठी दावाच लावता येत नाही. त्यातही घोड्यांच्या शर्यतीच्या पाचशे रुपये किंवा त्यावरच्या बक्षिसांना सूट. साहेब लोकांची सोय!

आता २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे चांगलं केलं. पण तो जिंकलेला पोरगा जाणार कुठं? त्यानं पैसे भरले ते यूपीआयवरून, कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात. उद्या साइटनं दिलेच, तर तेही असल्याच खात्यातून येणार, आणि त्या खात्यावर कुणाची सायबर तक्रार असली तर याचं खातं गोठणार. त्याला मी सरळ लिहिलं, पैशाची आशा सोड, पण आधारचा फोटो कुठं कुठं गेलाय ते बघ.

ग्रुपवर एवढं सगळं टाकल्यावर नांदेडचा आमचा वकील मित्र बोलला. तुझ्या माल्टानं २०२३ मध्ये काय कायदा केला ते पण सांग की. ऑस्ट्रिया-जर्मनीतल्या कोर्टांनी हरलेल्या गिऱ्हाइकांना पैसे परत द्या म्हटलं, तरी ते निकाल माल्टातल्या कंपन्यांवर बजावता येऊ नयेत, असा तो कायदा. मी उत्तर दिलं की ते हरलेल्यांचं प्रकरण, आपण जिंकलेल्यांचं बोलतोय. आणि ज्या राज्यात विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळताना दिसल्याचा व्हिडिओ निघाल्यावर (ते म्हणाले जाहिरात बंद करत होतो) कृषिमंत्र्यांना २०२५ मध्ये क्रीडा खातं मिळालं, त्यांनी माल्टाला नावं ठेवू नयेत. अंगठे बरेच आले. वकिलानं काही दिला नाही.

जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आम्ही छाती काढून म्हणायचो. खुद्द जर्मनी आता इथून विमानानं फार लांब नाही आणि परभणी मात्र दर वर्षी लांब चाललीये. घरी मी बँकेत आहे असं सांगितलंय. वसमत रोडच्या घराचा वरचा मजला याच पगारावर चढला, त्यामुळं खोलात कुणी शिरत नाही. माझा इथला राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला आहे. नूतनीकरणाला गेलो की खिडकीपलीकडची बाई एकेक कागद मागते: भाडेकरार, विमा, कंपनीचं पत्र, आणि पत्र दिलं की परत भाडेकरार. मी गिऱ्हाइकांना पाठवतो तसल्याच गोड भाषेत तिचे मेल येतात.

आई विचारते, परत कधी येतोस. येऊन करू काय? नव्या कायद्यानं असला खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. आमची कंपनी भारतातलं गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून मी मोकळा. पण परभणीत उद्या नोकरीसाठी अनुभवाचं प्रमाणपत्र पुढं करायचं झालं, तर तेवढा एक कागद मी दाखवू शकत नाही.