देव पाण्यात, वही टेबलावर

शाळेच्या पुस्तकातली गणितं फार सुखी घरातली असतात. ‘एका वस्तूचे वस्तुमान १०० ग्रॅम व आकारमान ५० घनसेंमी आहे, तर घनता काढा’ असं म्हणतात आणि मोकळे होतात. ती वस्तू कोणती, ती कुणी तोलली, कुणाला विचारून तोलली आणि पाण्यात बुडवताना घरात कोण ओरडलं, याचा कुठे उल्लेख नाही. शंभराला पन्नासने भागायचं, उत्तर दोन, पान उलटायचं.

लेकीच्या विज्ञानाच्या बाईंनी मात्र वस्तू घरातूनच शोधायला लावल्या. ‘घरातील पाच वस्तूंचे वस्तुमान व आकारमान मोजून घनता काढा. तक्ता करा.’ वह्या सोमवारी तपासणार. हे आम्हाला रविवारी दुपारी, वरणभात पोटात स्थिरावत असताना कळलं. गृहपाठ रविवार दुपारच्या आत घरी सांगायचा नाही, हा नियम शाळेचा नसून मुलांचा आहे.

मोजायचंय म्हटल्यावर आई पुढे सरसावली. तिचं माहेर मावळातलं, भातशेतीचं. तिच्या हिशेबात अजून दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली असते. ही सगळी भांडी. भरलं की झालं मोजून. त्यात भात भरा, नाचणी भरा, पायली ती पायलीच. वजन मात्र दर खेपेला निराळं. त्यातही शीग लावून मोजायचं की सपाट, यावरून आईच्या माहेरच्या भावकीत अबोले झालेले आहेत. मापाच्या तोंडावर धान्याचा डोंगर उभा राहतो ती शीग. घेताना ती हवी असते आणि देताना तिच्यावरून हळूच हात फिरतो.

१९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, पुढच्या काही वर्षांत शेर-पायलीला बाजारातून रजा मिळाली. आमच्या स्वयंपाकघराला हा कायदा लागू झालेला नाही. तिथे वाटी चालते. ‘कुठली वाटी?’ हा प्रश्न उद्धटपणाचा समजतात. वाटी म्हणजे ती, एका बाजूला चेपलेली. बायको मोबाइलवर पाहून ग्रॅममध्ये रांधणारी, आई वाटीत. दर दिवाळीला बेसनाच्या लाडवांवरून दोघींची जुंपते आणि लाडू दोघींचेही सारखेच होतात. बायकोने एकदा आईची ती वाटी काट्यावर ठेवून दाखवली होती: वाटीभर साखरेचं वजन वाटीभर पातळ पोह्यांच्या दुपटीहून कितीतरी जास्त भरलं. घनतेचा धडा खरं तर तिथेच संपायला हवा होता. पण आई म्हणाली, “मग काय पोह्यांचे लाडू करू?”

काटा ओट्यावर आला. लेकीने पहिलाच प्रश्न टाकला, “बाबा, हा वजन मोजतो की वस्तुमान?”

प्रश्न बरोबर होता, वेळ चुकीची होती. वस्तूत द्रव्य किती ते वस्तुमान, आणि पृथ्वी तिला किती जोराने खाली ओढते ते वजन. आपला काटा ती ओढ मोजतो आणि आकडा ग्रॅममध्ये दाखवतो. हाच काटा चंद्रावर नेला तर बटाटा सहाव्या हिश्शाचा होईल. सराफाचा दोन पारड्यांचा ताजवा नेला तर होणार नाही, कारण दुसऱ्या पारड्यातली वजनंही तेवढीच हलकी होतील.

“चंद्रावर कोण चाललंय बटाटे घेऊन?” आई म्हणाली.

जायची गरज नाही. आमचा रद्दीवाला त्याच्या ताणकाट्यावर चंद्राचं गुरुत्वाकर्षण दारात आणून देतो. जो गठ्ठा उचलताना माझ्या कंबरेत उसण भरते, तो त्याच्या आकड्याला लटकला की चार किलोचा होतो. अर्थात रद्दीवाल्याला एकट्यालाच काय बोलायचं? पॅरिसजवळच्या सेव्हर गावात प्लॅटिनम-इरिडियमचं एक दंडगोल काचेच्या हंड्यांखाली जपून ठेवलं होतं. उंची ३९ मिलिमीटर, जाडीही तेवढीच. जगातला किलो म्हणजे ते. त्याची नक्कल दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही आहे. शंभर-सव्वाशे वर्षांत त्याच्या आणि त्याच्या भावंडांच्या वजनात काही मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला आढळला, आणि गंमत अशी की फरक कुणात पडला हे विचारायची सोय नव्हती; व्याख्येप्रमाणे ते दंडगोल सदैव एक किलोच. शेवटी २० मे २०१९ पासून त्याला निवृत्त करून किलो प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या कधीच न बदलणाऱ्या एका आकड्यावर सोपवला. रद्दीवाल्यापर्यंत हे अजून पोचलेलं नाही.

पहिली वस्तू बटाटा. वजन लगेच झालं. आकारमानासाठी भांडं काठोकाठ भरून त्यात बटाटा सोडायचा आणि सांडलेलं पाणी खालच्या ताटलीत धरून मोजायचं. बायकोच्या केकच्या मोजपात्रावर रेघा पन्नास-पन्नास मिलिलिटरवर, म्हणून औषधाच्या दुकानातून सिरिंज आणली. काचेच्या कडेला पाणी थोडं वर चढतं, तेव्हा पातळी मधल्या खोलगट भागाची वाचायची आणि डोळा तिच्या समोरासमोर ठेवायचा. त्यासाठी मी ओट्यापुढे गुडघे टेकून, एक डोळा मिटून बसलो. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला तो दोन मिनिटं दारातच थांबला, पूजा संपायची वाट बघत.

बटाटा १.०८ आला, पाण्याहून किंचित जड. मग पाण्यात मीठ ढकलत गेलो तसा तो निमूट वर आला. लेकीने टाळ्या वाजवल्या. आईला यात नवल वाटलं नाही. पेरणीआधी भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकायचं, दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट बी वर येतं ते काढून टाकायचं, तळाचं भरलेलं बी धुऊन, सुकवून पेरायचं. “एवढ्याला वही कशाला लागते?” असा तिचा सवाल होता.

दुसरी वस्तू तेल. तिथे मोजायलाच नको, पिशवीवर लिहिलेलं असतं: १ लिटर, ९१० ग्रॅम. आईने चष्मा लावून ते वाचलं आणि तिचा पारा चढला. “किलोचे पैसे घेतात आणि नव्वद ग्रॅम खातात!” तेल पाण्यापेक्षा हलकं म्हणून लिटरभर तेल किलोभर भरत नाही, हे तिला पटवेपर्यंत चहा झाला. पण संशय अगदीच वाया जायचा नव्हता. तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं लिटरभर तेल २१ अंशाला ९१९ ग्रॅम, तेच ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. काही पिशव्यांवर लिटरच्या शेजारी असं चढं तापमान छापलेलं असायचं. म्हणजे लिटर खरा, फक्त तो उकाड्यातला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं की तापमान छापू नका, आणि आकारमान व वजन यांचा मेळ बसू द्या. घनतेने गिऱ्हाइकाच्या बाजूने मारलेला असा पंच मी दुसरा पाहिलेला नाही.

आइस्क्रीमवाल्यांचं मात्र सगळं रीतसर चाललेलं असतं. ते विकतात लिटरवर, आणि नियम म्हणतो साध्या आइस्क्रीमचं वजन लिटरमागे किमान ५२५ ग्रॅम असावं. उरलेली जागा हवेची, आणि हवा घुसळल्याशिवाय आइस्क्रीम मऊ होत नाही. लेकीने ही माहिती वहीत लिहिली नाही, फ्रीझर उघडून प्रत्यक्ष पडताळली.

दूध आम्ही तिसऱ्या क्रमांकावर घेतलं: १.०३. संकलन केंद्रावर दुग्धमापी नावाची तरंगती नळी दुधात सोडतात, ती किती बुडते त्यावर ‘डिग्री’ लागते. पाणी घातलं की दूध हलकं होतं, नळी खोल जाते आणि गवळी पकडला जातो. पण साय काढली की दूध जड होतं. तेव्हा साय काढून मग बेताचं पाणी घातलं की नळी बरोबर जागच्या जागी तरंगते. म्हणून केंद्रावर फॅटही तपासतात. या युक्तीत जेवढं भौतिकशास्त्र आहे तेवढं आमच्या अख्ख्या इमारतीत नसेल.

चौथ्या वस्तूला गडबड झाली. बाईंनी ‘एक धातूची वस्तू’ असं म्हटलं होतं. चमचा लांब, भांड्यात मावेना. कुलूप आतून पोकळ. लेक घरभर फिरली आणि देवघरातला बाळकृष्ण घेऊन आली.

“ठेव तो आधी जागेवर!” आई कडाडली. “देव पाण्यात ठेवायचे म्हणजे घरावर काही संकट यावं लागतं!”

“आलंय ना, आजी. उद्या वही तपासणार आहेत.”

संकट खरंच होतं. वाटाघाटी झाल्या. रांगत्या बाळकृष्णाला अभिषेक करायला हरकत नाही. फक्त पाणी वरून घालण्याऐवजी भरलेल्या तांब्यात त्याला सोडायचं. सोडणार आई, कारण अंघोळ करून सोवळ्यात फक्त तीच. काट्यावर आधी फूल, मग काटा शून्यावर, मग देव. २५२ ग्रॅम. आईने मंत्र म्हणत त्याला तांब्यात सोडला, पाणी ताटलीत सांडलं, सिरिंजने मोजलं: ३० मिलिलिटर. भागाकार ८.४.

“पितळ,” लेक पुस्तकात बघून म्हणाली.

ओट्याभोवती शांतता पसरली. हा बाळकृष्ण पंचधातूचा, असं आईच्या सासूबाई सांगत. धाकट्या काकूंच्या वाट्याला समई आणि आमच्या वाट्याला पंचधातूचा बाळकृष्ण, अशी ती वाटणी होती, आणि ती न्याय्य होती ती पंचधातूवर.

आई दोन क्षण थांबली आणि म्हणाली, “माझी बोटं बुडाली होती.”

यावर न्यूटनसुद्धा काही बोलला नसता. बोटं बुडाली तर त्यांनीही पाणी सांडलं, आकारमान फुगलं, घनता उतरली. युक्तिवाद शास्त्रशुद्ध होता. गजऱ्याच्या दोऱ्याने बाळकृष्णाला कमरेत बांधून पुन्हा सोडलं. या वेळी २९. म्हणजे ८.६९. पितळाच्या वरच्या टोकाला, तांब्याच्या ८.९६ च्या अलीकडे. दोन्ही पक्षांनी विजय जाहीर केला आणि वहीत ‘मिश्रधातू’ असं लिहायचं ठरलं. सांडलेलं पाणी तीर्थ होतं, ते मोरीत जाणार नव्हतं. आम्ही सगळ्यांनी रांगेने, सिरिंजमधून, तळहातावर घेतलं.

लेकीला आता आर्किमिडीज चढला होता. सिराक्यूजच्या राजाचा मुकुट अस्सल सोन्याचा आहे का, हे त्याने पाणी सांडून ओळखलं, असं सांगतात. मला ती गोष्ट पूर्वीपासून थोडी ताणलेली वाटते. किलोभराच्या मुकुटात तीस टक्के चांदी मिसळली तरी आकारमानातला फरक तेरा-एक घनसेंमी. वीतभर रुंद भांड्यात पातळी अर्धा मिलिमीटरही वर सरकणार नाही. आमच्याकडे तर बोटांनीच पंचधातूचं पितळ केलं. गॅलिलिओलाही ते खटकलं असावं, कारण १५८६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने ताजव्याचं एक पारडं पाण्यात बुडवून तोलायची युक्ती लिहून ठेवली. लेकीची नजर आजीच्या पाटल्यांवर गेली. सोनं १९.३, बावीस कॅरेटचं अठराच्या आत, चांदी १०.५.

“आजी, पाटल्या काढ ना जरा.”

“चहा घ्या सगळ्यांनी,” बायको एवढ्या चपळाईने म्हणाली की चहा नुकताच झालाय याची आठवण कुणी काढली नाही. पाटल्या लग्नात सासरने घातलेल्या. ते सासर म्हणजे पुन्हा आम्हीच.

पाचवी वस्तू म्हणून लेकीने चुरमुरे काढले. मुलं अवघड तेच निवडतात. चुरमुरे पाण्यात बुडत नाहीत, दाबून बुडवावेत तर पाणी पिऊन बसतात आणि मोजायला काही शिल्लक राहत नाही. यावर उपाय आहे. पावाचं आकारमान मोजताना प्रयोगशाळेत पाण्याऐवजी मोहरीच्या जातीचं बारीक बी वापरतात. डबा मोहरीने भरायचा, मोहरी काढून डब्यात वस्तू ठेवायची, वरून पुन्हा मोहरी ओतायची, उरेल ती मोजायची. आईने फडताळातली मोहरीची बरणी हसत दिली. तिला भांड्याने मोजायचं असलं की कुठलंही शास्त्र चालतं. डबा हलवून सपाट करायचा की शीग ठेवायची, एवढा एकच मुद्दा तिने काढला.

उत्तर हाती आलं तेव्हा ओटा, फरशी आणि लेकीचे केस यांत मोहरी समान पसरलेली होती, आणि डब्यातले चुरमुरे मोहरीपासून वेगळे करायला कुणीच तयार नव्हतं.

“राहू दे तसंच,” आई पदर खोचत म्हणाली. “दाणे आणि कढीपत्ता काढ. आणि ती नव्वद ग्रॅम कमी असलेली पिशवी इकडे दे.”