मागचा बाक नसलेला वर्ग: ‘जुना रुईयाकर’ यांना उत्तर

नमस्कार काका,

(सहीत ‘७९ची बॅच’ लिहिलंयत, म्हणून काका म्हणते. चालेल ना?)

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी चिडले. मग दादरहून घरी येताना बसमध्ये पुन्हा वाचली आणि निम्मी पटली. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजातल्या (म्हणजे जिथे एका विषयाबरोबर इतरही बरेच विषय शिकावे लागतात) दिवसांवरचा माझा लेख म्हणजे श्रीमंतांच्या चोचल्यांची जाहिरात आहे. थोडे खडक, थोडं तत्त्वज्ञान, थोडं नाटक, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. त्यात जे काही खरं आहे ते तुम्हाला रुईया कॉलेजजवळ, माटुंग्याच्या नाक्यावर कटिंगच्या पैशांत मिळालं. आणि शेवटी, ‘सगळेच वर्ग बारा जणांचे? थापा मारू नकोस.’

थापेपासून सुरुवात करते, कारण तिथे पकडलंत. पहिल्या वर्षी रसायनशास्त्राला आम्ही चाळीसेक जण होतो. बाराचा आकडा सेमिनारचा, म्हणजे चर्चेच्या छोट्या वर्गाचा. लेखात दुरुस्ती केली आहे.

चिंध्यांचं म्हणाल तर यातलं ‘आर्ट्स’ म्हणजे आपली आर्ट्स साइड नव्हे. गणित आणि भौतिकशास्त्रही त्यातच येतं. दुसरं वर्ष संपेपर्यंत एक मुख्य विषय निवडावाच लागतो आणि मग त्यात पिट्ट्या पडतो. खडकांचा कोर्स मी सायन्सची अट उरकायला घेतला होता, हे खरं. आता खंडाळ्याच्या घाटात कड्यातले लाव्हाचे थर दिसले की मी बोलायला लागते आणि घरचे झोपेचं सोंग घेतात. एवढाच त्याचा उपयोग. आणि ‘अमेरिकेची नवी फॅशन’ हे काही जमलं नाही, काका. अशांपैकीच एक, विल्यम्स कॉलेज, १७९३चं. तिथून १८०८ साली पदवी घेतलेला गॉर्डन हॉल नावाचा तरुण १८१३मध्ये मुंबईत उतरला आणि मराठी शिकला. आला होता धर्मप्रसाराला, ते सोडा.

आता नाका. त्याबाबतीत मी हात टेकले. रुईयाच्या नाट्यवलय या नाटकमंडळाच्या तालमी, २५ जानेवारीची रात्र ‘सवाई’ स्पर्धेच्या एकांकिका बघत जागून काढायची, यातलं काहीही तिथल्या मक्याच्या शेतांमधल्या गावात मिळत नाही. तिथे नाटक बसवलं की प्रेक्षकांत तुमचीच रूममेट आणि तिचा मित्र. तुमच्या कॉलेजला अख्खी मुंबई अंगण म्हणून मिळाली होती.

पण एक विचारते. नाक्यावर जे शिकलात ते वर्गामुळे शिकलात, की वर्ग बुडवून?

मी एफवाय इथेच केलं. कॉलेजचं नाव नको. वर्गात सव्वाशे मुलं, माझा रोल नंबर ८७. प्रॉक्सी लागायची, कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली की मेडिकल सर्टिफिकेट जमवायचं. बाई चांगल्या शिकवायच्या, पण त्यांना विचारण्यासारखा एकच प्रश्न आमच्याकडे असायचा: हे परीक्षेला येतं का? दोष त्यांचा नव्हता. आपलं विद्यापीठ १८५७मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं, मुळात परीक्षा घेण्यासाठी. शिकवायचं संलग्न कॉलेजांनी. त्यामुळे अभ्यासक्रम विद्यापीठाचा, टीवायचा पेपर विद्यापीठाचा, आणि तपासणारा कुठला कोण जाणे. बाई आणि आम्ही दोघंही त्या पेपरच्या पुढ्यात सारखेच हतबल.

अमेरिकेतल्या माझ्या कॉलेजात वाचायचं काय हे शिकवणाऱ्या बाईच ठरवतात, लिहायला त्याच देतात आणि वाचतातही त्याच. माझा पहिला पाच पानी निबंध परत आला तेव्हा माझ्या शाईपेक्षा त्यांची पेन्सिल जास्त होती. खाली लिहिलं होतं, ऑफिसात येऊन भेट. आपल्याकडे ऑफिसात बोलावणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मी दाराबाहेर दहा मिनिटं उभी, मनात माफीची वाक्यं जुळवत. त्यांनी बसायला सांगितलं, निबंध पुढे सरकवला आणि म्हणाल्या, यातलं तुझं स्वतःचं वाक्य कुठलं ते दाखव. मला एकही दाखवता आलं नाही. गाइडमधून उचलायची सवय गाइड नसतानाही सुटली नव्हती.

पुढे एकदा वाचून न जाता वर्गात बसले. एकाच टेबलाभोवती नऊ जण. मला प्रश्न आला, मी गप्प. ओरडा पडला नाही, पण पुढचा दीड तास सगळ्यांना माहीत होतं. मागचा बाकच नाही हो तिथे! विल्यम्समध्ये तर ट्युटोरियलला दोनच विद्यार्थी असतात. या आठवड्यात एकाने लिहायचं, दुसऱ्याने चिरफाड करायची, पुढच्या आठवड्यात उलट. स्वार्थमोर या अशाच दुसऱ्या कॉलेजात ऑनर्सचा अभ्यासक्रम १९२२मध्ये सुरू झाला आणि त्या मुलांची परीक्षा बाहेरचे परीक्षक घेतात. पण ते समोर बसून तोंडीही विचारतात. म्हणजे परीक्षक बाहेरचा असणं ही अडचण नाही. त्याला तोंड नसणं ही अडचण आहे.

हेच लपायला जागा नसणं पुढे अंगावरही येतं, आणि ते मी लेखात लिहिलं नव्हतं. दीड हजार मुलं, जेवायला एकच डायनिंग हॉल. सोमवारी कुणाशी फाटलं तर मंगळवारी सकाळी ऑम्लेटच्या रांगेत तोच पुढे. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला सगळे आपापल्या घरी, डायनिंग हॉल बंद. चार दिवस मायक्रोवेव्हमधली खिचडी आणि खिडकीबाहेर बर्फ. तेव्हा मला चर्चगेट लोकलची आठवण यायची. लेडीज डब्यात उभ्याउभ्या रडता येतं. शेजारची फार तर सरकून घेते, विचारत कुणी नाही.

पैशांचंही तुमचं निम्मं बरोबर. अशा नामांकित कॉलेजांचा वर्षाचा खर्च आता ८० हजार डॉलरच्या वर आहे. मदत मिळते, पण परदेशी मुलांचा अर्ज वाचताना तुम्ही किती मदत मागताय हे बहुतेक कॉलेजं बघतात. न बघणारी अॅमहर्स्टसारखी मोजकीच. मला मदत मिळाली. वरखर्चाला आठवड्याचे दहा तास डायनिंग हॉलच्या मागे ताटं धुतली. आईला लायब्ररी सांगितलं होतं. आई हे वाचतेय, असो.

शेवटचा मुद्दा, ‘आता आपल्याकडेही हे सगळं येतंय.’ येतंय खरं. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर (मुख्य विषय) आलं, मायनर (जोडविषय) आलं, चार वर्षांची पदवी आली. माझी भाची यंदा एफवायला आहे. तिने मला सगळे विषय हौसेने वाचून दाखवले. मी विचारलं, वर्गात किती जण? म्हणाली, ‘माहीत नाही गं मावशी, सगळे एकदम कधी येतच नाहीत.’