गुंजवाणी डोळे

परवा भोंडल्याच्या तयारीला आम्ही सातआठ जणी जमलो होतो. गाण्यांचं नवं टाइप केलेलं पान हातात आलं, तर ‘ऐलमा पैलमा’मध्ये ‘पारवणी बाळांचे गोजिरवाणे डोळे’. म्हटलं, अहो, ते ‘गुंजवाणी’ आहे. उत्तर आलं, "ताई, त्याला काही अर्थच नाही. मुलांनी विचारलं तर सांगायचं काय?"

हेच सांगायचं. वाणी म्हणजे सारखं, ‘माझ्यावाणी’मधलं. आणि गुंज म्हणजे टोकाला काळा ठिपका असलेली लालभडक बी. इंदुरातली आपली मुलं येताजाता ‘रत्तीभर’ म्हणतात ना, ती रत्ती म्हणजेच गुंज. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. तोळ्याला ९६ गुंजा. रात्री ज्या सराफ्यात आपण भुट्ट्याचा कीस खायला जातो, तिथे दिवसा सोनं विकतात. ते सोनं पूर्वी या बियांनी तोलायचे.

माझ्या आजीच्या शिवणाच्या डब्यात तीन गुंजा होत्या, त्या माझ्याकडे आहेत. घरी येऊन एक तळहातावर घेतली आणि गॅलरीच्या कठड्यावरच्या पारव्याकडे बघितलं. केशरी-लाल डोळा, मधोमध काळी बाहुली. हुबेहूब गुंज! ज्या बाईला ही ओळ सुचली, तिने पारवा किती जवळून न्याहाळला असेल. गोजिरवाणे डोळे काय, कुणाचेही असतात.

‘ऐलमा पैलमा’ही निरर्थक नाही. ऐल म्हणजे अलीकडचा, पैल पलीकडचा. ज्ञानेश्वरांच्या ‘पैल तो गे काऊ’मधला तोच पैल.

‘अक्कण माती चिक्कण माती’ या गाण्यातलं ‘सपीट’ काढून ‘मैदा’ घाला, अशीही सूचना आली. गाण्यात सपीट ‘काढावं’ म्हटलंय, दळावं नाही. गहू ओलवायचे, जात्यावर दळायचे, मग पीठ वस्त्रगाळ करायचं, तेव्हा कुठे करंजीपुरतं सपीट हाती लागायचं. त्या एका क्रियापदात दुपारभराचे कष्ट आहेत. पुडा फोडून मैदा ओतताना ते कसे कळणार?

आणि त्याच गाण्यातलं ‘द्वाड’. आपण लाडाने पोराला द्वाड म्हणतो, म्हणून ‘अस्सं सासर द्वाड बाई’ आलं की मुली हसतात. पण पुढची ओळ ‘कोंडून मारितं’ अशी आहे. इथे द्वाड म्हणजे दुष्ट, छळणारं. उघडपणे बोलायची सोय नव्हती, तेव्हा फेर धरून बायका हे मोठ्याने म्हणत होत्या. तो शब्द मवाळ करायचा आपल्याला काय अधिकार? भोंडल्यात मुलींना हे सांगा, जरा थांबून सांगा. खिरापत ओळखायला दहा मिनिटं देतो, याला दोन द्या.

जुनं पान मी पुन्हा टाइप करून ग्रुपवर टाकलंय, गुंजवाणीसकट. शनिवारी पाटावरच्या हत्तीशेजारी आजीच्या तिन्ही गुंजा ठेवणार आहे, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत. गुंज विषारी असते, लहानांच्या तोंडात जायला नको. बाटली हातात घेऊन बघा मात्र सगळ्यांनी.