धनु राशीतली दारू कुणी प्यायची नाही, बरं का!

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. म्हणून की काय, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज या आठवड्यात चौथ्यांदा फिरला: ‘आकाशगंगेच्या मध्याजवळ शास्त्रज्ञांना दारूचा अथांग समुद्र सापडला. चव रासबेरीची, वास रमचा. हाच देवांचा सोमरस!’ खाली हसऱ्या तोंडांची रांग, आणि एका पोट्ट्याचा प्रश्न, ‘भाऊ, तिकडं बंदी नाही काय?’

आधी खरं तेवढं. धनु राशीच्या दिशेला, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, ‘सॅजिटेरियस बी२’ नावाचा वायूचा ढग आहे. सूर्याहून कितीतरी जड तारे तिथं जन्मतात. दारूतलं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, त्यात १९७५ साली सापडलं.

पण समुद्र? ढगाच्या दाटातल्या दाट गाभ्यात एका घन सेंटीमीटरला काही कोटी रेणू. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर १८ शून्यं इतके असतात. ढगातले ते काही कोटीही बहुतेक हायड्रोजनचे. लाखात एक इथेनॉलचा निघणं मुश्कील.

दारू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मोहाची भट्टी येते. वाळली फुलं भिजत घालायची, फसफसली की हंडी चुलीवर, वाफ थंड होऊन थेंब थेंब खाली. त्याला गोडवा लागतो, यीस्ट लागतं, ऊब लागते. तिथं यातलं काहीच नाही. आहेत ते विडीच्या धुरातल्या कणांएवढे धूलिकण, उणे २६० अंशांच्या आसपास गारठलेले. बंद खोलीतल्या शेगडीतून निघून जीव घेतो तोच कार्बन मोनॉक्साइड वायू त्यांच्यावर बर्फासारखा गोठतो. भटकत आलेले हायड्रोजनचे अणू त्याला एकेक करून चिकटतात. चौथा चिकटला की मिथेनॉल, म्हणजे अल्कोहोलचाच दुसरा प्रकार, तयार. इथेनॉलही बहुधा अशा बर्फावरच बनतं. पुढं शेजारी जड तारा आकाराला येऊ लागला की त्याच्या धगीनं बर्फ उडतो. धग म्हणजे तरी किती, उणे १७० अंश! मग हे रेणू मोकळे फिरतात आणि रेडिओ दुर्बिणींना त्यांचे संदेश मिळतात.

मिथेनॉल हे नाव लक्षात ठेवा. त्या ढगात ते इथेनॉलच्या कितीतरी पट आहे. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती यानंच.

रासबेरीचं म्हणाल तर २००९ साली स्पेनमधल्या दुर्बिणीनं त्या ढगात इथिल फॉर्मेट टिपलं. रासबेरीच्या चवीतला तो एक घटक, आणि वास रमसारखा. चाखायला कुणी गेलं नव्हतं. त्याच संशोधनात प्रोपिल सायनाइड हे विषही सापडलं होतं. मेसेज लिहिणाऱ्यानं ते बरोबर गाळलं.

सोमरसाचं एका ओळीत: ऋग्वेदातला सोम वनस्पती दगडानं ठेचून काढलेला रस आहे, ढगातून आणलेला नाही.

आणि त्या पोट्ट्याला: बंदी नाही बाप्पा, पण एक पव्वा भरायचा तर लाखो घन किलोमीटर ढग गाळत बसावं लागेल, अन् हाती येईल त्यात मिथेनॉलच जास्त.