पाणी नेमकं कुठे मुरतंय

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर अण्णा राहतात. निवृत्त झाल्यापासून पार्किंगचा कारभार त्यांनी, कोणी सोपवला नसताना, अंगावर घेतलाय. एप्रिलात एकदा त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"तुमच्या गाडीखाली रोज थारोळं असतं. कुठेतरी गळतंय. दाखवून घ्या."

मी समजावलं की अण्णा, बर्फ घातलेला पेला बाहेरून ओला होतो ना, तसंच आहे हे. एसीच्या गार कॉइलवर हवेतली वाफ जमते आणि पाणी होऊन नळीवाटे खाली पडते. अण्णा "असेल" म्हणाले. त्या असेलमध्ये नसेलच जास्त होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात थारोळं आपोआप बंद झालं. अण्णा खूश. "बघा, केलंत ना दुरुस्त!" त्याच दुपारी नाशिकच्या द्वारका चौकात एसीतून जी हवा आली, तिच्यावर भरताचं वांगं भाजून निघालं असतं.

आता नाशिककराची पंचाईत अशी, की त्याला उकडतंय हे जाहीरपणे म्हणता येत नाही. मुंबईच्या पाहुण्यांना आपण जन्मभर "आमच्याकडे रात्री चादर लागते हो" असं ऐकवलेलं असतं. चादर लागते हे खरं, पण ती रात्री. दुपारी एक वाजता द्वारकेच्या सिग्नलला चादर घेऊन काय करायचं? वडिलांनी मागच्या सीटवरून उपाय सांगितला, "काचा खाली कर." केल्या. बाहेरचा ट्रकही बहुधा एसी दुरुस्तीलाच चालला असावा, इतका गरम धूर आत आला.

पहिल्या गॅसवाल्याने जाळीसमोर हात धरला, वैद्यांनी नाडी बघावी तसे डोळे मिटले आणि निदान केलं, "गॅस संपलाय." भरला. आठ दिवस काश्मीर, नवव्या दिवशी पुन्हा द्वारका. परत गेलो, परत भरला. तिसऱ्यांदा काश्मीर पाच दिवसांतच आटोपलं. प्रत्येक वेळी मी पैसे दिले आणि प्रत्येक वेळी तो म्हणाला, "सीझन आहे ना साहेब." जसा काही गॅससुद्धा उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला जातो.

वास्तविक हा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, जळून संपायला. बंद नळ्यांमध्ये तोच तो गोल फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये गार होऊन त्याचा द्रव होतो, मग डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये तो पुन्हा उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता आपल्या केबिनमधून ओढतो. उघड्यावर हा गॅस, नाव त्याचं १३४ए, उणे २६ अंशांनाच उकळतो. म्हणजे टाचणीएवढं भोक मिळालं तरी तो काही निरोप घ्यायला थांबत नाही. हे सगळं मला कळलं ते अर्थात तिसऱ्यांदा पैसे दिल्यावर.

शेवटी अंबडला एक जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गळतंय कुठे, ते कोणी बघितलं?"

"नाही."

"मग भरला कशाला?"

जणू मीच रोज सकाळी उठून पंपाने भरत होतो.

त्यांनी नळ्यांमध्ये नायट्रोजनचं प्रेशर दिलं आणि दाढीच्या ब्रशने एकेका जॉइंटला साबणाचं पाणी लावलं. कुठे फेस नाही. गॅस निसटताना कॉम्प्रेसरचं तेलही सोबत नेतो, म्हणून तेलकट डाग शोधले. तेही नाहीत. बॉनेटखाली सगळं सोवळं. मग व्हॅक्यूम मारून त्यांनी चमकणारा डाय, म्हणजे गळतीची जागा दाखवणारा रंग, घातला, आणि गॅस चक्क वजनकाट्यावर मोजून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिला होता तेवढाच भरला. आधीच्या माणसाचा कारभार अंदाजपंचे होता. "चार दिवस फिरवा, मग या."

एसी चालू झाला तसं थारोळं परत आलं, आणि थारोळ्यामागून अण्णा. "मी म्हटलं नव्हतं?"

पाचव्या दिवशी मिस्त्रींनी शटर अर्धं ओढलं, पिवळा चष्मा चढवला आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले. मी बाहेर नुसता उभा. बराच वेळ काही नाही. मग खालून आवाज आला, "साहेब, वाका." पाणी ज्या नळीतून पडतं, तिच्या तोंडाला काजव्यासारखा पोपटी ठिपका चमकत होता. म्हणजे गळती आतल्या कॉइललाच होती. अण्णांनी बोट दाखवलं होतं ती जागा बरोबर निघाली, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

"डॅशबोर्ड उतरवावा लागेल," मिस्त्री म्हणाले.

आपल्या गाडीचा डॅशबोर्ड उतरवलेला माणसाने कधी पाहू नये. स्टिअरिंग एका स्टुलावर, वायरींचा जटाभार बाहेर आणि मधे सगळं पोकळ. त्या पोकळीतून निघालं काय, तर दहाची चार नाणी, घोटी टोलनाक्याची पावती, वणीच्या प्रसादाचे फुटाणे आणि बायकोच्या कुडीची फिरकी. ही फिरकी २०१९ साली हरवली होती आणि तिच्यापायी आम्ही माझ्या मावसबहिणीशी दोन दिवाळ्या बोललो नव्हतो. कॉइलवर धुळीचं घोंगडं आणि कडुनिंबाची काळी पडलेली पानं होती. "गाडी निंबाखाली लावता. पानं आत येऊन कुजतात, ओल राहते, अल्युमिनियम खातं," मिस्त्री म्हणाले. आणि मी वर्षानुवर्षं सावलीची जागा मिळावी म्हणून अण्णांशी भांडत होतो!

नवी कॉइल, नवे ओ-रिंग, गॅसमधली ओल शोषणारा नवा ड्रायर. अर्धा तास व्हॅक्यूम आणि त्यानंतर न हलणारा गेजचा काटा. तो काटा आम्ही दोघांनी चहा पीत, सत्यनारायणाची कथा ऐकावी तशा भक्तीने पाहिला. शेवटी तीन स्क्रू उरले. मिस्त्री म्हणाले, "कंपनीवाले जास्तीचेच लावतात." बिलाचा आकडा इथे लिहीत नाही, घरी वेगळा सांगितलाय.

संध्याकाळी पार्किंगमध्ये एसी चालूच ठेवून खाली वाकलो. नळीच्या तोंडाशी थेंब जमला, लोंबला, पडला. मग दुसरा. मागे चपला वाजल्या.

"परत सुरू झालं वाटतं," अण्णा म्हणाले.

"हो ना!" मी म्हटलं. माझा चेहरा बघून ते जरा बिचकले. मग त्यांनीही वाकून बराच वेळ थेंब मोजले, वर गेले आणि बादली घेऊन आले. नेम धरून नळीखाली ठेवली.

"तुळशीला चालेल का हो हे?"